देशाचा रकाना

रोल्ला, शारजा
९ जानेवारी १९९६

चि. विघ्नेश,

तुला, लरीसाला आणि तनयाला माझे आशीर्वाद. आशीर्वाद म्हणजे काय ते त्या दोघींना तू तुमच्या बोलीत समजावून सांग.

तुझं पत्र ताश्कंदहून आमच्या दुकानात माल न्यायला येणाऱ्या ताजबीने आणून दिलं. तिचं खरं नाव लांबलचक आहे, ते माझ्या जिभेवर बसत नाही. मी ताजबी म्हणतो आणि ती हसून ओ देते. पोस्टाने दोन-दोन महिने लागतात, तिच्या विमानाला काही तास. पुढच्या पत्रांचीही खूण हीच राहील. ज्या गठ्ठ्यावर ताश्कंदच्या नावाखाली दोन लाल रेघा असतील, त्यातल्या सगळ्यात वरच्या ब्लँकेटची घडी उघड.

यूनुसच्या ब्लँकेटच्या दुकानात गठ्ठे बांधायला लागून मला अठरा वर्षं झाली. शेवटची पाच वर्षं तर तुमच्या बाजूची गिऱ्हाइकंच दुकान चालवतात. ताश्कंद, बाकू, अल्माटी ही नावं मी ब्रशने त्यांच्या अक्षरात काढतो. वाचता येत नाहीत, रांगोळीसारखी नुसती काढतो. परवा ताजबीने सांगितलं, खुणांनीच, की ती पूर्वी शाळेत गणित शिकवायची. आता ब्लँकेटं विकते. हे ऐकून मला बरं वाटलं नाही, का ते मला सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांना रशियन बोलणारी नर्स हवी आहे, कारण आजारी पडलेली ही गिऱ्हाइकं पोटावर हात ठेवून रडतात आणि पुढचं कोणाला कळत नाही. मी लरीसाचं सांगितलं, ती नर्सच आहे ना. डॉक्टर म्हणाले, आधी व्हिजिट व्हिसावर बोलवा, बघू, पसंत पडली तर आम्ही कामाचा व्हिसा काढू. म्हणजे ती, तू आणि तनया, सगळीच इकडे. तू तिकडे शिकायला गेलास आणि तिथेच लग्न केलंस, नऊ वर्षांत मी सुनेला पाहिलं नाही. तनया सात वर्षांची झाली, तिचे दोनच फोटो माझ्याकडे आहेत. आणि मला येत्या नोव्हेंबरात साठ पुरी होतात. साठीनंतर इथे व्हिसा वाढत नाही. जे व्हायचं ते त्याच्या आत व्हायला हवं. मला झोप लागत नाही.

तू लिहितोस, सोव्हिएत मोडून तुमचा देश वेगळा झाला ते चांगलं झालं. असेल. मी सातवी नापास माणूस. पण १९६९ साली मी लाँचमधून फुजैराच्या बाजूला कंबरभर पाण्यात उतरलो तेव्हा इथे एक देश नव्हता. सात शेख, सात झेंडे. पुढे ते सगळे मिळून एक झाले. तुमच्याकडे एकाचे पंधरा झाले. इथे एक झाल्यावर शारजाहून दुबईला जाताना कोणी काही विचारेनासं झालं, एवढं मला कळलं. तुमच्याकडे आता काय काय विचारतात ते कळव.

पासपोर्टची झेरॉक्स लगेच पाठव.

तुझे बाबा,
गुणवंत


ताश्कंद
२८ जानेवारी १९९६

बाबा,

नमस्कार. दोन रेघांचा गठ्ठा मिळाला. ताजबींनी तो आमच्या दारातच उघडला. तनयाने ब्लँकेटवरच्या वाघाला मिठी मारली आणि सोडेचना, शेवटी ते विकत घ्यावं लागलं.

दवाखान्याचं ऐकून लरीसा दिवसभर गुणगुणत होती. पण घाई करू नका, कारण एक गोष्ट आधी उरकायची आहे. लरीसाकडे अजून जुना लाल पासपोर्ट आहे. त्यावर ज्या देशाचं नाव आहे तो देश आता नाही. तनयाचं नावही त्यातच आहे. लरीसाला दोन वाटा आहेत. एक, उझबेकिस्तानचा नवा हिरवा पासपोर्ट घ्यायचा. दोन, रशियाच्या दूतावासात जाऊन रशियाचा शिक्का मारून घ्यायचा. दोन्ही एकदम चालत नाहीत. गेली दोन वर्षं आमच्या घरात जेवताना हाच विषय असतो. सासूबाई ताट सरकवून म्हणतात, आपण रशियन, आपण आपल्या माणसांत जायचं. मी म्हणतो, कुठली आपली माणसं? १९६६च्या भूकंपानंतर लरीसाचे वडील हे शहर पुन्हा बांधायला इथे आले, पुढच्या वर्षी ती इथे जन्मली. रशिया तिने एकदा पाहिला आहे, शाळेच्या सहलीत. हा नवा देश आहे, त्याला शिकलेली माणसं हवी आहेत. व्यापार मोकळा झालाय. थोडा त्रास होणारच.

तुम्ही सातांचं एक झाल्याचं लिहिलंत. पण बाबा, त्या एकात तुम्हाला घेतलं का? सत्तावीस वर्षं राबलात आणि साठी झाली की जा म्हणतात. तसं लरीसाचं होऊ नये, म्हणूनच मी म्हणतो की ती जिथली आहे तिथलाच कागद तिच्या हातात असावा. हिरवा पासपोर्ट असला की इस्पितळातली नोकरी पक्की. आणि तिकडचं जमलं नाही तर परत यायला घर असेल.

मार्चमध्ये अर्ज करू. नवा नंबर कळवतो, मगच व्हिसाचं बघा. तोवर काहीही करू नका. सोबत लाल पासपोर्टची झेरॉक्स आहे ती फक्त डॉक्टरांना नाव आणि वय दाखवण्यासाठी. मी आमच्या कापडगिरणीच्या कामासाठी दोन महिने बाहेरगावी जातोय. पत्र घरीच पाठवा.

तुमचा,
विघ्नेश

ता.क. आईला लिहा की मी बारीक झालेलो नाही. फोटोत दिसतो तसा कोट घातल्यामुळे दिसतो.


रोल्ला, शारजा
२० फेब्रुवारी १९९६

चि. विघ्नेश,

आशीर्वाद. तू लिहिलंस ते मला लागलं. पण ते खोटं नाही.

रागावू नकोस, व्हिसा झाला. तू थांबा म्हणालास, पण डॉक्टर थांबायला तयार नव्हते. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत कागद दाखवा, नाहीतर मी दुसरी बघतो. दुसरी एक आहेही, मी तिला जिन्यात पाहिलं. मग मी यूनुसला धरलं, यूनुसने त्याच्या गिऱ्हाइकांचे व्हिसा काढणाऱ्या माणसाला धरलं. अर्ज शौकतने टाइप केला. शौकत म्हणजे आपला दापोलीचा, रोल्लाच्या बागेसमोर टायपिंगला बसतो. फार हुशार, अरबीसुद्धा खटाखट टाइप करतो. सगळं बरोबर भरलं आहे, काळजी नको. तू दोन महिने नाहीस म्हणून कागदाची प्रत लरीसाच्या हाती पडेल अशीच पाठवतो आहे. मूळ कागद इथे विमानतळावर ठेवलाय. दोन महिन्यांच्या आत यायला हवं. कागदावरची तारीख बघून तिने फक्त तिकीट काढायचं.

दोघींची राहायची सोय शौकतच्या घरी केली. त्याची बायको म्हणाली, "काका, तुमची सून ती आमची सून. फक्त मासे खाते ना, एवढं विचारून घ्या." तेवढं कळव. तुझ्या आईने गावाहून पोस्टमनकडून लिहून घेतलंय, "माका माझी नात बघूक गावतली मा?" मी उत्तर लिहिलं, आधी माका गावांदे.

तनयासाठी गुलाबी सपाता घेतल्या. माप फोटोवरून काढलं. तिच्या शेजारी जी बादली आहे तसली बादली मी दुकानात शोधली आणि तिच्यावरून अंदाज केला. यूनुस हसला. "गुणवंत भाई, पाँव का नाप बालटी से?" हसू दे.

बाबा


रोल्ला, शारजा
२२ एप्रिल १९९६

चि. विघ्नेश,

आशीर्वाद. तुझं पत्र नाही, लरीसाचा निरोप नाही. व्हिसाची तारीख काल संपली. मी तीन शुक्रवार शारजा विमानतळावर जाऊन ताश्कंदच्या विमानाची माणसं बघितली. एकदा एक बाई मुलीला घेऊन बाहेर आली, मी हातातल्या सपाता वर केल्या. ती दुसरीच होती.

ताजबी येते, पण तिला विचारलं की ती मान हलवते आणि बोटांनी आगगाडी करून दाखवते. आगगाडीने तू गेलास, की लरीसा, ते कळत नाही. दोन महिन्यांचं काम अजून संपलं नाही का?

डॉक्टरांना मी सांगितलं, व्हिसा पुन्हा काढतो. ते म्हणाले, इन्शाल्ला. इथे इन्शाल्ला म्हणतात तेव्हा दोन अर्थ असतात, होईल आणि होणार नाही, या वेळी दुसरा होता.

एक विचारायचं होतं. लरीसाने हिरवा पासपोर्ट घेतला का? घेतला असेल तर चांगलंच आहे. अजून घेतला नसेल तरी हरकत नाही, नुसतं कळव. व्हिसाच्या कागदावर काही कमी-जास्त असेल तर तिने ते मनावर घेऊ नये. टायपिंगमध्ये होतं कधीकधी. शौकत म्हणतो, चालून जातं.

मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण तो पूर्वीही दुखायचा.

बाबा


ताश्कंद
११ जून १९९६

बाबा,

नमस्कार. मी पाच दिवसांपूर्वी घरी आलो. तुमची दोन्ही पत्रं एकदम वाचली.

सरळच लिहितो. लरीसाने हिरवा पासपोर्ट घेतला नाही. मार्चमध्ये मी नसताना ती रशियाच्या दूतावासात रांगेला उभी राहिली आणि लाल पासपोर्टवर रशियाचा शिक्का मारून आली. रांगेतच सव्वा महिना गेला, तोवर तुमचा व्हिसा संपला. आता या शहरात ती परदेशी आहे. इस्पितळात सांगितलं की या जागेवर नागरिकच लागतो. ३१ मे हा तिचा शेवटचा दिवस होता. दहा वर्षांची नोकरी. राहण्याचा परवाना वेगळा काढावा लागेल, तो मिळेलच असं नाही.

मी विचारलं, हे का केलंस? तिने तुमच्या व्हिसाची प्रत माझ्यासमोर ठेवली. त्यावर देशाच्या रकान्यात रशिया टाइप केलंय. म्हणते, "पापाने लिहिलंय. तिथे रशियन असल्याशिवाय घेत नसतील, म्हणून तर लिहिलं असेल. पापा तिथे इतकी वर्षं राहतात, त्यांना माहीत असणार." आणि सासूबाई शेजारी बसून हसत होत्या.

मी यावर विश्वास ठेवू शकत नाही. मी तुम्हाला उझबेकिस्तान असं स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही थांबला नाहीत ते समजू शकतो, पण एवढी गोष्ट तुम्ही चुकवणार नाही. एका पाकिटावरचा पत्ता तुम्ही तीनदा तपासता. मला वाटतं, या मायलेकींनी माझ्या माघारी ताजबींमार्फत तुम्हाला निरोप पाठवला की रशिया घाला. तुम्हाला वाटलं, मीच सांगितलंय. लरीसा शपथ घेऊन नाही म्हणते. मी तिला खोटारडी म्हणालो, तनयासमोर. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. सासूबाईंची बहीण रशियात समाराला असते. तिघींनी तिकडे जायचं चाललंय.

मला एकच कळवा. रशिया घाला असं लरीसाने तुम्हाला सांगितलं होतं का? हो की नाही, एवढंच. तुम्ही जे लिहाल ते मी मानेन. नसेल सांगितलं तर मी तिचे पाय धरीन. पण तुमच्याकडून कळल्याशिवाय मी हलणार नाही.

विघ्नेश


रोल्ला, शारजा
२ जुलै १९९६

चि. विघ्नेश,

नाही. तिने सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. लरीसा खरं बोलते आहे. हे आधी वाच आणि पत्र खाली ठेवून तिच्याकडे जा. बाकीचं मग वाचलंस तरी चालेल.

झालं ते असं. शौकतकडे त्या दिवशी रांग होती. त्याने झेरॉक्स बघितली आणि म्हणाला, "काका, हिच्यावर सोव्हिएत युनियन आहे. तो देश यादीतनं गेला. काय घालू?"

मी म्हटलं, "रशियन घाल."

तो म्हणाला, "जन्म ताश्कंद लिहिलाय. ताश्कंद रशियात येतं का?"

मी म्हटलं, "अरे, ते सगळे रशियनच."

मागचा एक पठाण ओरडला, "यल्ला, चाचा, शादी नहीं करा रहे!" सगळे हसले. शौकत म्हणाला, "बरं, सून तुमची आहे, तुम्हाला ठाऊक." आणि टाइप केलं.

तू पत्रात उझबेकिस्तान लिहिलं होतंस. ते पत्र तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मी हात घालून बघितलं नाही. तू इथे राहिला नाहीस म्हणून तुला हे खरं वाटणार नाही, पण रोल्लात सगळेच त्यांना रशियन म्हणतात. ताजबी रशियन, बाकूवाला रशियन, परवा एक डोळे बारीक असलेला म्हातारा आला, तोही रशियन. दुकानांच्या पाट्या रशियन, मागतात ते ब्लँकेट रशियन साइज. दवाखान्यालाही रशियन नर्सच हवी होती. पाच वर्षं मी दिवसातून पन्नास वेळा हा शब्द बोलतो. त्यांच्या गावांची नावं मी रोज माझ्या हाताने वेगवेगळी काढतो, तरी तोंडात एकच देश. अरबांना आम्ही सगळे हिंदी. दाढीवाला पाकिस्तानी असला तरी कधीकधी हिंदी. मला त्याचा राग येतो. आणि मी तेच केलं.

मार्चमध्ये यूनुसच्या त्या व्हिसावाल्या माणसाने मला दाखवलं की कागदावर रशिया आहे आणि ताश्कंद रशियात येत नाही. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. मला वाटलं, चालून जाईल. मग वाटलं, तू म्हणशील बाबांना एक काम सांगितलं नव्हतं तेही धड केलं नाही. एप्रिलच्या पत्रात टायपिंगवर ढकललं. टायपिंगची चूक नव्हती. तुझं जूनचं पत्र येऊन आठ दिवस झाले. आठ दिवस मी विचार करत होतो की तिनेच सांगितलं असं लिहिलं तर काय होईल. हेही सांगून टाकतो, कारण आता काही राखून ठेवायचं नाही.

लरीसाने कुणा परक्याचं ऐकलं नाही, सासऱ्याचं ऐकलं. तिला सांग की सासरा अडाणी आहे. तू म्हणालास तसे तिचे पाय धर, आणि माझ्या वतीनेही धर.

समाराला जाऊ देऊ नकोस.

बाबा

दोन रेघा नाहीत, तीन ओढल्या आहेत. घाईचं आहे म्हणून.


ताश्कंद
१४ नोव्हेंबर १९९६

ती. बाबा,

तुमचं २ जुलैचं पत्र मला काल मिळालं.

तीन रेघांचा गठ्ठा विमानाने आलाच नाही. ताजबी म्हणाल्या, या खेपेचा माल लाँचने इराणला आला, तिथून ट्रकने. वाटेत तुर्कमेनिस्तान आहे. पाच वर्षांपूर्वी तुर्कमेनिस्तान आणि आपल्यात नुसती पाटी होती. आता तिथे दोन्ही बाजूंना चौकी, कागद, शिक्के. गठ्ठे अकरा आठवडे एका शेडमध्ये पडून होते. ब्लँकेटला उंदरांचा वास येत होता. पत्र चांगलं होतं.

तिघी १९ सप्टेंबरच्या गाडीने समाराला गेल्या. तुमचं उत्तर आलं नाही, याचा अर्थ मी असा घेतला की तुम्हाला सुनेविरुद्ध लिहिण्याची लाज वाटते आहे. म्हणजे तिनेच सांगितलं असणार. मी तसं तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, पापा लिहितील, थांब. ऑगस्टभर तिने वाट पाहिली. ताजबींकडे चार वेळा जाऊन आली. मग तिकिटं काढली.

तुम्ही सगळं लिहिलंत, म्हणून मीही लिहितो. गिरणी गेल्या वर्षी दिवाळीतच बंद झाली. मी बाहेरगावी होतो तो ओरेनबुर्गला, बाजारात आपल्याकडचा चहा विकत. ओरेनबुर्ग रशियात आहे. लरीसाला नवा देश, आपली माती असं ऐकवायचो आणि स्वतः रशियात जाऊन पोट भरायचो. हे तिला सांगायची मला लाज वाटत होती. माझ्या खिशात भारताचा पासपोर्ट आहे, त्यामुळे दुसऱ्याचा देश ठरवणं मला सोपं गेलं. समाराची गाडी ओरेनबुर्गवरून जाते. तिला माहीत नसेल, पण तिथल्या फलाटासमोरच्या गल्लीत मी चार महिने उभा होतो.

काल संध्याकाळीच तिला पत्र टाकलं. उत्तर येईल की नाही कोण जाणे. फेब्रुवारीत गाडीत मला कोणी काही विचारलं नव्हतं. आता सीमेवर विचारतात. तिकडचा व्हिसा मागायला गेलो, बोलावणारा कोण असं विचारलं. मी म्हटलं, माझी बायको. म्हणाले, मग तिचं पत्र आणा.

तुमच्यावर राग नाही. करायचा होता, पण जमला नाही. जमलं तर तुम्हीच तिला चार ओळी लिहा. ती तुमचं ऐकते. पत्ता मागे लिहिला आहे, मराठीत आणि त्यांच्या अक्षरातही. बघून काढा.

विघ्नेश


रोल्ला, शारजा
२७ नोव्हेंबर १९९६

चि. विघ्नेश,

आशीर्वाद. उद्या संध्याकाळचं मुंबईचं विमान आहे. पासपोर्टमधल्या व्हिसावर कॅन्सलचा शिक्का बसला. यूनुसने सगळ्यांना बिर्याणी दिली आणि मला भिंतीवरचं घड्याळ. बॅगेत ते मावत नाही.

तीन रेघांच्या गठ्ठ्याचं तुला सांगायचं राहिलं. मी पत्र घडीत ठेवून गठ्ठा शिवला आणि ट्रक आला. तो विमानतळाचा नव्हता, बंदराचा होता. मी यूनुसला म्हटलं, उघडू दे, आत माझं पत्र आहे. तो म्हणाला, "सील लग गया, खलास. एक चिट्ठी के लिए पूरा लॉट खोलूँ?" मी ट्रकमागे बँकेच्या सिग्नलपर्यंत गेलो. ताजबीही पुढे दिवाळीपर्यंत आली नाही, म्हणून तेच पत्र पुन्हा लिहून पोस्टात टाकलं. घरचा पत्ता तुझ्या लग्नाच्या वेळच्या पाकिटावरून उतरवला. ते ऑक्टोबरात परत आलं. शौकतने एका गिऱ्हाइकाकडून शिक्का वाचून घेतला. त्या रस्त्याचं नाव बदललं म्हणे. एकदा फोनही केला, तू दिलेल्या शेजाऱ्यांच्या नंबरवर. बाई बोलली. मला त्यांचे पाच शब्द येतात, त्यातले चार ब्लँकेट विकायचे. मी तुझं नाव घेत राहिलो. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं.

सरकारने इथे कागद नसलेल्यांना माफी दिली होती, मुदतीत निघून जायचं. शौकतकडे दोन महिने पाऊल ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाला तो विचारायचा, देश कुठला? सगळे पटकन सांगायचे. मी बाकड्यावर बसून ऐकायचो. शौकत आता तो रकाना भरताना प्रत्येकाला दोनदा विचारतो. एकाने चिडून विचारलं, "बहरा है क्या?" त्याने माझ्याकडे बघितलं.

रोल्लात दिवे लावताहेत. दोन डिसेंबरला या देशाला पंचवीस वर्षं होतात. विजेच्या तारा ओढणारी पोरं आपल्या कोकणातली आहेत. एकाने शिडीवरून विचारलं, काका, सण बघून जा ना. मी म्हटलं, माझी तारीख अठ्ठावीस.

लरीसाला पत्र लिहिलं. मराठीतच लिहिलं, दुसरं येतं काय मला. चूक माझी, असं सुरुवातीलाच लिहिलं आणि शेवटीही. तिला ते वाचता येणार नाही. शौकत म्हणाला, इंग्रजीत करून देतो. पण तेही तिला कितपत येतं कोण जाणे. मग लग्नपत्रिकेला लावतात तसा कागदावर नुसता हळदीकुंकवाचा टिपका लावला. हळद यूनुसच्या बायकोने दिली. कुंकू नव्हतं, गठ्ठ्यावर रेघा ओढायचा लाल रंग होता, तोच लावला.

एक ब्लँकेट घेतलं, वाघाचंच. आत सपाता ठेवल्या. आता त्या तनयाला होणार नाहीत हे मला कळतं. पण दुसऱ्या कोणाला देववेनात. पत्र वरच्या घडीत ठेवलं, सवयीप्रमाणे. तू धाडलेली अक्षरं समोर ठेवून गठ्ठ्यावर समारा असं रंगवलं. हे नाव मी कधी काढलं नव्हतं, या गावाचं गिऱ्हाईक आमच्याकडे आलं नाही. दोन अक्षरं अल्माटीतली होती, ती हाताला लगेच आली, बाकीची बघून बघून काढली. रंग वाळेपर्यंत गठ्ठ्याजवळ बसून राहिलो. माझ्या हातचं लरीसाला वाचता येईल असं एवढंच आहे, तिच्या गावाचं नाव.

कार्गोवाल्याने फॉर्म पुढे केला. नाव, गाव, वजन. पुढे देशाचा रकाना होता. मी पेन हातात घेऊन उभा राहिलो. तुझं पत्र खिशातून काढलं, पत्ता दोनदा वाचला. शौकतला टायपिंगवरून उठवून आणलं, त्यानेही वाचला. कार्गोवाला म्हणाला, "चाचा, जल्दी, कहाँ का है?"

मी रशिया लिहिलं. या वेळी ते बरोबर आहे.

बाबा